माझ्या डाव्या गालाची काचपट्टी

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
विद्यालय कार्यालय.

विषय : माझा गाल वर्गाच्या कामातून काढल्याचे कारण कळवणेबाबत.
संदर्भ : जीवशास्त्राच्या बाईंची, मला न दिलेली, तोंडी सूचना.

महोदय,

"हिच्या तोंडातलं नको आता. पहारेकऱ्याचं घ्या," असे जीवशास्त्राच्या बाई गेल्या सोमवारी कपाटाआड कुणाला तरी पुटपुटल्या. कपाटाच्या दुसऱ्या बाजूला मी बरण्या पुसत होते. सबब हा अर्ज.

१. मी प्रयोगशाळेची परिचर. पेशीचा धडा आला की गालाच्या आतून पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवाव्या लागतात. मुलांना स्वतःच्या थुंकीची किळस, म्हणून दरवर्षी माझा गाल. मी कुरकुर केली नाही. मागे उभी राहून धडा ऐकत गेले. तंतुकणिका ऊर्जा पुरवते, रायबोझोम प्रथिने तयार करतो, गॉल्गी पिंड ती बांधून रवाना करतो, लयकारिका केरकचरा पचवते. हे शेवटचे नाव मला लगेच पाठ झाले, खाते माझेच. हे सगळे फळ्यावर. काचेखाली दिसते ते मुख्यतः केंद्रक, पेशीचा कारभार चालवणारे.

२. यंदा नव्या यंत्रामुळे माझा गाल भिंतीवर दाराएवढा उमटला. निळ्या रंगात बुडालेल्या साली, त्यांना चिकटलेले जंतू, कसलासा अन्नकण. "ई, मावशी दात घासत नाहीत," मुली म्हणाल्या. नंतर किळस येऊन मुलींनी बेसिनमध्ये टाकलेली थुंकी आणि माझ्या गालात फिरवलेल्या काड्या मीच काढल्या. त्याबद्दल तक्रार नाही.

३. तक्रार अशी की, बाईंनी चित्र मध्येच बंद केले. केंद्रक बशीतल्या वाटाण्याएवढे असावे, असे त्याच शिकवतात. माझ्या काही पेशींत बशीत लिंबू होते, तेही वेडेवाकडे. विचारले तर, "रंग जास्त झाला असेल, मावशी." रंग मीच घातला होता. नेहमीएवढाच.

४. तेव्हापासून जो तो गोड बोलतो. कधी मान वर न करणारे लिपिक खुर्ची पुढे करतात. पहारेकरीदादा "आराम करा, ताई" म्हणतात आणि माझ्या हातचा चहाचा कप दोन बोटांनी धरून खिडकीत ठेवून देतात. या गोडव्याची मला बेसिनपेक्षा जास्त किळस येते. बेसिन घासता तरी येते.

५. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. गरम घोट झोंबतो. दाढेचा काठ लागतो, असे मी घरी सांगितले. सासूबाईंनी दिवा धरून तोंडात पाहिले, "हो, दाढच गं," म्हणाल्या आणि त्या दिवसापासून सगळ्या घराची भाजी बिनतिखटाची करू लागल्या.

६. काल बाईंना दारात अडवले. "एका शब्दात सांगा, बाई." "मी डॉक्टर नाही हो, मावशी," म्हणून त्याच रडू लागल्या. मी फडके दिले. धुतलेले होते.

तरी विनंती की, मोठ्या दवाखान्यात तपासणीसाठी मला रजा मिळावी. बाईंनाही सोबत सोडावे. डॉक्टरांशी त्या नीट बोलतील, आणि इथे ठेवल्या तर स्वतःलाच खात बसतील. रजेच्या अर्जात कारण लिहावे लागते. सगळे जो शब्द गिळत आहेत तो मग मीच लिहिते. मला कॅन्सर झाला असावा.

आपली नम्र,
प्रयोगशाळा परिचर
बुधवार, वर्ग सुटल्यावर

सोबत : काचपट्टी एक. कडेने धरावी. परत हवी आहे.