सतरा नंबरची आई

सात रस्ता, सोलापूर
रविवार

तीर्थस्वरूप आप्पामामांना, भाची वैजयंतीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यापासून तुम्ही दिवसातून चारदा गच्चीवर जाता, असं मामी म्हणाल्या. (त्यांनी सांगितलं हे त्यांना सांगू नका.) मोहोळला इतर सगळं ठीक असेल. फोनवर तुम्ही 'जेवलीस का' एवढंच विचारून ठेवून देता, म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, खाली बसून.

जुलैत आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना इंग्रजीतून संशोधनाचं लिखाण शिकवा म्हणाले. दहा पानांचा प्रकल्प इंग्रजीत दिल्याशिवाय त्यांना पदवी नाही. मुलं एकतीस. घरात कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी, कुणी मराठी; इंग्रजी मात्र सगळ्यांना सारखीच परकी. पहिल्या आठवड्यात एकतीस लेख आले आणि एकतीसच्या एकतीस 'आजच्या धावपळीच्या आधुनिक जगात' असे सुरू झाले. शेंगाचटणीवरचासुद्धा. मी चिडून विचारलं, हे जग पळत कुठं चाललंय? तेव्हा अक्कलकोटच्या पलीकडून येणारा शिवानंद शांतपणे म्हणाला, "मॅडम, मोबाइलनं सगळ्यांना तेच दिलं की."

मग मी ठरवलं, इंग्रजी राहू दे. आधी आपापल्या घरच्या भाषेत लिहा. तासभर वर्गात माना खाली. (आठ वर्षांच्या नोकरीत अशी शांतता मी फक्त संपाच्या दिवशी अनुभवली आहे.) कागद हातात आले तेव्हा लक्षात आलं, की त्यातले वीस मला वाचताच येत नाहीत. तरी तोंडावर दाखवायचं नाही म्हणून मी शिवानंदचा कन्नड कागद घेऊन दोन मिनिटं मान डोलावली आणि 'मांडणी छान आहे' म्हणाले. त्यावर तो फार अदबीनं म्हणाला, की ती वसतिगृहाच्या आठवड्याच्या भाज्यांची यादी आहे, लेख पाठीमागं आहे.

त्या दिवसापासून नियम झाला. प्रत्येकानं आपलं लिहिलेलं सगळ्यांना मराठीत सांगायचं आणि बाकीच्यांनी एकच प्रश्न विचारायचा: कशावरून? हा प्रश्न पोरांना इतका आवडला, की मी उशिरा येण्याचं कारण सांगितलं तरी मागून 'कशावरून' यायला लागलं.

आणि इथंच घोटाळा झाला. श्रीदेवी नावाची मुलगी आहे, पूर्व भागातली, घरी तेलुगू. तिची आई सावित्रम्मा बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. श्रीदेवीनं सांगितलं, मागाच्या आवाजानं बायकांचे कान जातात. शिवानंदनं विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "माझ्या आईवरून." तो म्हणाला, "एक आई म्हणजे पुरावा न्हाई की." पोरगी वही मिटून निघून गेली. चार दिवस आलीच नाही. मला झोप लागेना, कारण प्रश्न त्याचा असला तरी शिकवलेला मी होता.

पाचव्या दिवशी मी पत्ता काढून तिच्या घरी गेले. दार उघडलं ते सावित्रम्मांनी आणि तेलुगूत माझ्यावर असा आवाज चढवला, की मी तीन पायऱ्या एकदम उतरले, एक चप्पल वरच राहिली. शेजारच्या बाईंनी हसत सांगितलं, अहो, त्या चहा घ्यायला आत या म्हणताहेत. मामा, त्या बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. मी पायरीवर एका चपलेनिशी उभी होते आणि मला पुरावा मिळाला होता.

श्रीदेवी घरी नव्हतीच. ती दारोदार हिंडत होती. बाईच्या मागं सहा पावलांवर उभं राहायचं, नेहमीच्या आवाजात नाव घ्यायचं, ती वळते का ते लिहून ठेवायचं. मागावरच्या एक्केचाळीस बायका झाल्या. एकोणतीस वळल्या नाहीत. (मागावर न जाणाऱ्या बायकांनाही बघायला हवं, हे शिवानंदनं सुचवलं आणि पाप फेडायला तोही बरोबर हिंडला. अशा वीसजणी बघितल्या, त्यांतल्या तिघीच वळल्या नाहीत.) मग तिनं ते तेलुगूत लिहिलं, मला मराठीत सांगितलं आणि पंधरा दिवस झगडून इंग्रजीत उतरवलं.

प्रमुखांनी लाल पेन काढून पहिल्याच पानावरची 'माझी आई' खोडली. म्हणाले, संशोधनात घरचं माणूस आणायचं नसतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात श्रीदेवी बोलली. हळू, पण सरळ त्यांच्याकडं बघून.

"सर, आई सतरा नंबरला आहे. तिला काढलं तर चाळीसच उरतात."

"मग चाळीस लिही."

"पण एक्केचाळीस होत्या सर."

सरांनी कागद पुन्हा पुढं ओढला. मग त्यांनी खोडलेल्या शब्दांखाली ठिपके दिले, म्हणजे खोडलेलं राहू द्यायचं, आणि सही केली. ती बाहेर गेल्यावर मला म्हणाले, त्यांची आई विड्या वळायची, हे त्यांनी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

येत्या गुरुवारी श्रीदेवी तो प्रकल्प विद्यापीठात वाचणार आहे. इंग्रजीत चुका आहेत, मी अर्ध्याच सुधारल्या. शिवानंद 'द' हा शब्द अजून जागा दिसेल तिथं घालतो. पण लेख आता आधुनिक जगात सुरू होत नाहीत. कुणाच्या तरी गल्लीत सुरू होतात. मी खुशीत आहे, मामा.

मामींना नमस्कार, अनीशला आशीर्वाद.

तुमची,
वैजयंती

ता. क. लोणच्याची बरणी परत पाठवते आहे. रिकामी पाठवू नये म्हणतात, म्हणून आत साखर आहे.

आणखी एक. अनीशच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मामींनी फोनवर वाचून दाखवला. त्यात माझ्या नावाआधी 'डॉ.' घातलंय. ते कृपा करून काढा. माझ्या प्रबंधाला सहा वर्षं झाली आणि पहिलं प्रकरणही पुरं नाही. खरं तर एवढंच कळवायला पत्र लिहायला बसले होते, मध्ये मुलं आली.

किंवा असं करा, राहू द्या. तारखेची जागा अजून मोकळीच आहे असं मामी म्हणाल्या. मुहूर्त वैशाखाऐवजी ज्येष्ठात निघतो का, तेवढं गुरुजींना विचारून बघा. काल प्रबंधाची दोन पानं झाली आहेत.