डोक्याचा फोटो आणि रुमालातली जोडवी

बरकतपुरा, हैदराबाद
१५ जुलै १९९७

ती. अक्कास,
धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुझ्या माधवीचं लग्न जमत आल्याचं वाचून शेजारीपाजारी साखर वाटली. पोरगी सोन्यासारखी आहे. मुलाकडच्यांनी जास्त भाव खाऊ नये म्हणावं.

इकडची मजा ऐक. गुरुवारी माझ्या डोक्याचा फोटो काढला. उदास माणसाच्या मेंदूतली रसायनं कमी पडतात की जास्त होतात, हे इथले डॉक्टर शोधतायत, तेही डोकं न उघडता! त्या यंत्राला धातू खपत नाही. बांगड्या निघाल्या, मंगळसूत्र निघालं, जोडवी मात्र साबण लावल्यावरच सुटली. सगळं रुमालात घेऊन हे बाहेर बाकावर बसले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बीबींनी रुमालात डोकावलं आणि यांच्या पाठीवर हात फिरवत रडायलाच लागल्या. "सबर करो बेटा, नेक लोगां जल्दी जाते." यांना काही उमगेना. तेवढ्यात मीच दारातून बाहेर येऊन यांच्याकडे माझी जोडवी मागितली, तर मेलेली बायको परत आली असं वाटून बीबी किंचाळल्या! मग आम्ही तिघंही पोट धरून हसलो. संक्रांतीनंतर मी पहिल्यांदाच इतकी हसले.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, की तुलनेसाठी धडधाकट माणसं हवीत म्हणून मी जातेय. तशीही माणसं घेतात, पण मी त्यांतली नाही. संक्रांतीपासून मला अंथरूण सोडवत नव्हतं. वेणी घालायला हातसुद्धा उचलत नव्हता. आता गोळ्यांनी बरीच माणसात आलेय.

फॉर्मात विचारलं होतं, रक्ताच्या नात्यात कुणाला हा आजार होता का? माधवीचं लग्न डोळ्यांपुढे आलं आणि मी 'नाही' लिहून मोकळी झाले. मग तीन दिवस चैन पडेना. खोट्या माहितीवर ते बिचारे काय शोधणार?

आई आठ-आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. आपण तिला आळशी म्हणायचो. तू तिचं पांघरूण ओढायचीस, मी हसायचे. अक्का, मला फार लाज वाटते गं.

काल जाऊन 'नाही' खोडलं आणि आईचं नाव लिहिलं. मुलाकडच्यांपुढे मी बोभाटा करणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. रागव हवं तर, पण लग्नाला बोलाव. लाडू मीच वळणार.

तुझी, आईवर गेलेली,
त्रिवेणी