वेळूबंदरची लाल खूण

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६

शासनाविरुद्ध माझी पहिली तक्रार येथे विधिपूर्वक नोंदवतो: वेळूबंदरच्या सरकारी विश्रामगृहातल्या एकाही कपाला कान नाही. सहा कप, सहाही बुचे. चहा मात्र उकळता. धरावा तर बोटे भाजतात आणि ठेवून द्यावा तर साय धरते. बाकी सर्व उत्तम. रत्नागिरीहून एसटीने दोन तास हाडे खिळखिळी केली, पण व्हरांड्यात बसलो आणि समोर सुरूची झाडे नि त्यांच्यामागे समुद्र पाहिला, तेव्हा संपादकांना मनातल्या मनात क्षमा केली.

विश्रामगृहाचा रखवालदार हरिश्चंद्र, वय पन्नाशीचे, मितभाषी. नाव असे असल्यावर खोटे बोलायची सोयच उरली नाही, असे मी म्हटले तर तो नुसता हसला. लिहिता-वाचता येत नाही म्हणाला, आणि माझ्या सहीखाली नोंदवहीत अंगठा उठवला. जेवणाला तळलेला बांगडा होता. पाठशाळेत सहा वर्षे घासलेल्या माणसाने तो खावा की नाही, हा प्रश्न मी बांगडा संपल्यावर विचारात घेतला.

कामाचे बोलायचे तर असे. तीन आठवड्यांपूर्वी यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगतची मासळी ओरबाडून नेतात म्हणून इथल्या कोळ्यांनी धक्क्यावर मोर्चा नेला. दगड आले, बर्फाच्या कारखान्याला आग लागली, एका शिपायाचे डोके फुटले आणि पोलिसांनी सात फैरी झाडल्या. तीन माणसे गेली. वाचकांच्या पत्रांनी आमच्या कार्यालयाची टोपली भरून वाहते आहे. निम्मे म्हणतात पोलिसांनी करायचे तरी काय, निम्मे म्हणतात हा खून आहे. सोमवारी, चोवीस तारखेला, चौकशी अधिकारी येतील. तोवर मी दोन्ही बाजू लिहाव्यात, असा संपादकांचा हुकूम.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज पोलीस चौकीत गेलो. फौजदारांची भेट हा सुखद धक्का. चाळिशीचे, चष्मा, आवाज इतका मऊ की आपणच दरडावत आहोत असे वाटावे. मी संस्कृत शिकलो हे कळताच त्यांनी दंडनीतीवरच्या श्लोकाचा पूर्वार्ध म्हटला आणि थांबले. अर्धा श्लोक हवेत लोंबकळत ठेवणे मला जन्मात जमले नाही. उत्तरार्ध मी पुरा केला. तासभर रंगलो. वीस वर्षांत खाकी कपड्यात एवढा व्यासंग पाहिला नव्हता.

त्यांची बाजू त्यांनी नीट मांडली. शिपाई सव्वीस वर्षांचा, घरी तान्ही मुलगी, टाके बावीस. जमाव अंगावर येत होता, ध्वनिक्षेपकावरून तीनदा इशारा दिला, मगच गोळीबार, तोही समोरून. जमावाचा एक म्होरक्या अजून फरार आहे, मुंबईला पळाला असावा. निघताना त्यांनी विचारले, मी रोजनिशी ठेवतो का. म्हटले, तिसाव्या वर्षापासून एक दिवस चुकलेला नाही. ते म्हणाले, अशी शिस्त आता दुर्मीळ झाली.

रविवार, १६ नोव्हेंबर

कोळीवाड्यात दिवसभर फिरलो. माणसे चहा देतात, बसायला पाट देतात, आणि नाव विचारले की समुद्राकडे पाहतात. कारण शेवटी चिमाने सांगितले. चिमा म्हणजे मासळी विकणारी म्हातारी. साठीची आहे, पण टोपली अशी उचलते की मी लाजावे. इथला रिवाज असा: बाहेर गेलेला माणूस जोवर स्वतःच्या पायाने उंबरा ओलांडत नाही, तोवर त्याचे नाव उच्चारायचे नाही. "तो" म्हणायचे, "आमचा माणूस" म्हणायचे. मी थट्टा केली की या हिशेबाने वार्ताहराने उपाशीच मरावे. ती हसली नाही.

"नाव नको काढूस, बाबा. जो घरला आला नाय, त्याचं नाव बाहेर पडलं की त्याच्या पाठी कोण तरी लागतं."

मी तिला समजावले की नावाशिवाय साक्ष म्हणजे नांगराशिवाय होडी. तिला ते पटले नाही, पण तिच्या शेजारच्या रावजीला पटले. त्याने सांगितले की इशारा वगैरे काही झाला नाही, तो धक्क्याच्या पायरीवरच होता, आणि लोक पळत होते. त्याच्या घरच्यांना तो बोलल्याचे ठाऊक नाही, छापू नको म्हणाला. बातमीत मी "एक प्रत्यक्षदर्शी" एवढेच लिहिले. इथे नाव लिहून ठेवतो: रावजी, पायरीजवळचे तिसरे घर.

सोमवार, १७ नोव्हेंबर

अकराला तारघरात बातमी देऊन आलो, बाकी दिवस खोलीतच लिहिण्यात गेला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रावजीला काल जीपमधून नेले. जबाब घ्यायचा आहे म्हणाले. अजून परतलेला नाही. पायरीजवळच्या तिसऱ्या घराला कुलूप नाही, पण दार लावलेले आहे.

एक क्षुल्लक गोष्ट. मागचे पान चाळताना दिसले, रावजीच्या नावाशेजारी लाल पेन्सिलीची बारीक खूण. कार्यालयात कागद निकाली निघाला की करतात तशी. बातमी तपासायची माझी जुनी खोड, झोपेच्या भरात केली असेन.

आज राहीशी बोललो. जाळी विणते, नवरा मुंबईला गोदीत. ती कौलांवर सुकट उलटत होती आणि तिने वरून सगळे पाहिले. ध्वनिक्षेपक जीपमध्येच होता, खाली उतरवलाच नाही, असे म्हणते. विणता विणता बोलली, सुई एकदाही थांबली नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

राहीला दुपारी नेले. अर्धे विणलेले जाळे दारात तसेच पडले आहे.

लाल खूण तिच्याही नावापुढे आहे. आणि माझी लाल पेन्सिल पुण्याला टेबलाच्या खणात आहे. इथे आणलेलीच नाही.

रोज अकराला तारघरात बातमी द्यायला जातो, तेव्हा वही उशीखाली असते. तेवढ्या वेळात खोली झाडतो तो हरिश्चंद्र. कपांना कान नाहीत, ती कसर इथल्या भिंतींनी भरून काढलेली दिसते. पण ज्याला अक्षर येत नाही त्याला माझ्या वहीचे काय? आज जेवण वाढताना त्याच्या बोटांकडे पाहत राहिलो. बोटांसारखी बोटे. आमटी मागून घेतली, त्याच्यावरच पाळत ठेवतो आहे असे वाटू नये म्हणून.

कोळीवाड्यात आज कोणी पाट दिला नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

महत्त्वाची माहिती. खाडीपलीकडच्या मिठागरात एका झोपडीत बाबल्या नावाचा माणूस लपून आहे. गोळीबार त्याने अगदी जवळून पाहिला. सोमवारी तो चौकशीपुढे उभा राहणार आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कालची नोंद खोटी होती. नाव मीच बनवले. कोकणात शोभेल असे, तोंडाला सोपे. मिठागर एसटीतून पाहिले होते, तिथे झोपडी असेल की नाही तेही ठाऊक नव्हते. वही उशीखाली ठेवून काल अकराला बाहेर पडलो आणि तारघराऐवजी सुरूच्या झाडांत उभा राहिलो. पाच मिनिटांत हरिश्चंद्र पिशवी घेऊन चौकीकडे गेला. अर्ध्या तासाने परतला. दुपारी जीप खाडीकडे गेली.

इथवर मी खूश होतो. कसा पकडला, म्हणून.

मिठागरात झोपडी होती. तिच्यात बाबल्या होता.

सत्तरीचा, जन्मापासून मुका आणि बहिरा. राखणीला ठेवलेला. पोलिसांनी नाव विचारले तेव्हा शेजारच्यांनी सांगितले. आज सकाळी त्याला परत आणून टाकले. पावले सुजलेली आहेत, जमिनीवर टेकवत नाहीत. रात्रभर त्याला प्रश्न विचारले. त्याला ऐकू येत नाही हे त्यांना पटले नाही, की पटवून घ्यायचे नव्हते, कोण जाणे.

मला वाटले होते ते नाव माझे आहे.

मी गेलो. चिमा त्याच्या पायांना तेल लावत होती. तिला सगळे सांगितले, वही, लाल खूण, माझी अक्कल, सगळे. तिने दुसऱ्या पायालाही तेल लावून संपवले. मग म्हणाली, चल.

शनिवार, २२ नोव्हेंबर, सकाळ

काल काय पाहिले ते कुठे तरी लिहून ठेवणे भाग आहे. तो माणूस सोमवारपर्यंत टिकला नाही, तर निदान जखमेची नोंद हवी. तिघांचे देह पोलिसांनीच जाळले, घरच्यांना दाखवलेसुद्धा नाहीत. पुरावा उरला आहे तो एवढाच. पण मराठीत लिहिण्याचा मूर्खपणा पुन्हा करणार नाही. हरिश्चंद्राला मराठी येते हे उघड झाले. देवभाषा तरी येत नसावी.

चतुर्थो जीवति। शिलाखन्यां शेते। पृष्ठतो विद्धः। जलं याचते।

तीस वर्षांपूर्वी गुरुजी म्हणाले होते, हे शिकून तुला पोटाला मिळणार नाही. पोटाला नाही, पण उपयोगी पडले. वही आता उशीखाली नाही. वाशावर, कौलांच्या खाली.

शनिवार, दुपार

स्नानाला गेलो होतो. अर्धा तास. वही वाशावरच होती, पण उलटी ठेवलेली.

संस्कृत ओळीखाली लाल खूण.

हरिश्चंद्राला नाही येत. पण हरिश्चंद्राने वाचायचे कशाला? तो नुसता नेतो. चौकी अगदी जवळ आहे. आणि चौकीत बसलेला—

मी त्यांचा श्लोक पुरा केला होता. मीच. हसत. रोजनिशी ठेवता का विचारले तेव्हाही सांगून टाकले, एक दिवस चुकलेला नाही म्हणून.

धावतो.

शनिवार, संध्याकाळ

आता देवभाषा नको, काही नको. सरळ लिहितो, त्यांना ठाऊकच आहे. चौथा माणूस खंडू, चिमाचा मुलगा. फरार म्होरक्या म्हणून चौकीच्या यादीत नाव आहे तो हाच. बंद पडलेल्या चिरेखाणीत झावळ्यांखाली पडून होता. गोळी पाठीतून शिरली आहे, पळताना. अजून आत आहे. समोरून मारले म्हणतात ना, ती गोळी खोटे बोलणार नाही. तेवढी एकच गोष्ट या गावात खोटे बोलणार नाही.

चिमाला गाठले तेव्हा धाप लागून बोलता येईना. तिला सांगावे लागले नाही. चौघांनी त्याला झोळीत घालून हलवले. तासाभरात जीप खाणीवर. त्यांना मिळाल्या झावळ्या आणि रक्ताचे फडके.

तिने एकदाही त्याचे नाव घेतले नाही. इतक्या दिवसांत एकदाही नाही. मी घेतले. आत्ता, वर, पुन्हा लिहिले.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी कोळीवाड्यातून नऊ पुरुष नेले. झोळी उचलणारे चौघेही त्यांत आहेत. दंगलीचा गुन्हा.

चिमा विश्रामगृहाच्या मागच्या बाजूने आली. तिलाही नेतील म्हणाली. उद्या चौकशी अधिकाऱ्यांना त्याच्यापर्यंत पोचवायला कोणी तरी बाहेर हवे. तिने मला जागा सांगितली. मी नको म्हणत होतो. कान झाकून घ्यावेत असे वाटले.

"तू वाईट नायस, भावा," ती म्हणाली. "तुला फक्त गप ऱ्हाता येत नाय. एक दिस ऱ्हा."

एक दिवस.

दुपार

चिमाला नेले.

आता जागा मला एकट्याला ठाऊक. इथे लिहिणार नाही. मराठीत नाही, संस्कृतात नाही, कुठल्याच भाषेत नाही. ही पाने जाळणार आहे. एवढे लिहून झाले की—लिहिल्याशिवाय विचारच करता येत नाही मला, हीच तर—

संध्याकाळ

हरिश्चंद्र ट्रे घेऊन व्हरांड्यात गेला. दारातून दिसले. दोन कप. दोघांनाही कान आहेत. नवे कोरे, निळी फुले. इतके दिवस होते कुठे?

जीप आवाज न करता आली. बूट पायरीवर काढले. सभ्य माणूस. हाक मारली नाही, खुर्ची ओढून बसले आहेत. मी आत, ते बाहेर, मध्ये पडदा.

मला मारतील याची काळजी नाही. मारत नाहीत ते माझ्यासारख्याला. बाबल्याला मारतात. वर्तमानपत्रात काय छापून येईल, वाचक कोणाची बाजू घेतील, त्याचीही नाही. काळजी एकच आहे आणि ती साधी आहे. कोणी माझ्याशी आदराने, नीट, शिकलेल्या माणसासारखे बोलले, की मी बोलतो. आजवर प्रत्येक वेळी बोललो आहे.

त्यांनी पूर्वार्ध म्हटला. स्पष्ट, मऊ आवाजात. मला येतो तोच. आणि थांबले आहेत.

चहा निवतो आहे. ते थांबले आहेत. जिभेवर आले आहे, दात आवळून—

उद्यापर्यंत. एक दिवस. फक्त उत्तरार्ध, त्याने काय होणार, नुसता श्लोकच तर—