तोंडात टाचण्या

प्रिय छबू,

अक्षर बघून हसू नकोस. तुझे बाबा म्हणाले, फोनवर सांग की, पत्राची कसली हौस? पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस नि मी तुला. म्हटलं, कागदावर तरी मला एकटीला बोलता येईल.

आधी खुशाली. जिन्यातला दिवा एकदाचा लागला. मांजर पुन्हा गाभण आहे, ह्या खेपेलाही बापाचा पत्ता नाही. तुझी ठमी गुटगुटीत झाली आहे. बोलताना अडकते ती अडकतेच, खोटं कशाला सांगू? पण छबू, बोलते गं! ऐकून मलाच दम लागतो.

तू तिला आमच्याकडे ठेवून नव्या नोकरीवर गेलीस तेव्हा पोरगी आमच्याशी मुकीच होती. तिनं 'म-म-म' केलं की मी मदतीला धावायची. मांजर? मावशी? मोजे? शेवटी कंटाळून ती कशालाही 'हो' म्हणून मान हलवायची. एकदा अशीच हलवली, नि मी भर उन्हाळ्यात तिला लोकरीचे मोजे चढवले. तिला म्हणायचं होतं, मला शू लागली. मोजे धुवावे लागले हे सांगायला नकोच.

मग बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, आजी, तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका, 'सावकाश बोल' म्हणू नका, नुसतं तिच्याकडे बघत थांबा. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? आणि लगेच बाईंचंच पुढचं वाक्य पुरं केलं. तेही चुकीचं.

गंमत म्हणजे बाबांच्या दुकानात हीच पोरगी शिलाई मशीनखाली चिंध्यांत बसून भडाभडा बोलायची. माझा नुसता जळफळाट! ज्या माणसाच्या तोंडून 'चहा' सोडून शब्द निघत नाही, त्याच्याशी कसल्या गप्पा? म्हणून मी कपडे घालून बघायच्या पडद्याआड लपले. आत एक गिऱ्हाईक विजार बदलत होतं, ते आधी कळतं तर बरं झालं असतं. असो. बघते तर ठमी विचारतेय, 'आ-आजोबा, हा को-को-कोट कुणाचा?' आणि बाबांच्या ओठांत टाचण्यांची रांग! बोलणार कसे? डोळे मोठे करून तिच्याकडे बघत थांबलेले. वाक्य मुक्कामाला पोचलं की म्हणायचे, 'हं.'

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टाचण्या मला झेपायच्या नाहीत, मला शिंका फार. म्हणून मी तोंडात पाण्याचा घोट धरते. ठमीनं तोंड उघडलं की घोट, तिचं संपलं की गिळायचा. पहिल्या दिवशी पोटाची टाकी झाली. परवा दुकानात ती म्हणाली, मांजरीला आ-आ-आजीसारख्याच मिशा आहेत, आणि माझा घोट थेट गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर! बाबा टाचण्या काढून जे बोलले ते लिहीत नाही. ठमी मात्र हसून लोळली, आणि तेच साऱ्या आळीला सांगत सुटली. अडकत, पण न लाजता.

आता मुद्द्याचं. तुझा फोन आला की ती पलंगाखाली शिरते, आणि तुला वाटतं पोर आपल्याला विसरली. गेल्या खेपेला तुझा आवाज भरून आलेला मला कळला. विसरली नाही गं. पण तू शेवटी माझीच लेक. तिनं एक अक्षर काढलं की तू दहा शब्द पुढे करतेस. रविवारी ती आपणहून फोन करणार आहे. तुला एक गोष्ट सांगायची आहे तिला, मशीनखाली रोज तालीम चालली आहे. मध्येच सगळं चिडीचूप होईल, तुला वाटेल फोन कट झाला. झालेला नसेल, ठमी वाटेत असेल. पाण्याचा घोट धर आणि थांब. ती काय सांगणार ते मला पाठ झालंय, आणि माझी जीभ किती वळवळत असेल ते तुला ठाऊक आहे. पण लिहिणार नाही. तिचं आहे ते, तीच सांगेल.

जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसलेली,
तुझीच आई