पोटरीवरची तीट

खालापूर, १० फेब्रुवारी

ती. छायाताईस,
संजनाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर तुझ्याकडे घरभर कान, म्हणून हे पत्र शेजारच्या रूपेशच्या टेंपोतून धाडते आहे. जत्रेतल्या कुस्तीत तुझा साईराज पडला आणि गुडघ्यांवर हात टेकत म्हातारबुवासारखा उठला, सगळे हसले, असं आई सांगत होती. भावोजी त्यावरून इतके का चिडले? सात वर्षांच्या पोराने नारळ जिंकला नाही तर काय बिघडलं? त्याच्या जाडजूड पोटऱ्या बघून तुम्हीच त्याला पैलवान ठरवलंत!

आमचा ऋतिकही त्याच्याच वळणावर गेलाय. चार वर्षांचा, पण पोटऱ्या बघ! नजर लागंल म्हणून सासूबाई रोज पोटरीला काजळाची तीट लावतात.

रागावत जा, पण विसरू नकोस.
तुझी लाडकी,
संजना

भिवपुरी, २ मार्च

चि. संजनास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मुंबईच्या दवाखान्यात खेपा चालल्या होत्या. फार दमले आहे गं.

साईराजला स्नायू झिजण्याचा आजार आहे. त्याच्या पोटऱ्यांत ताकद नाही, चरबी साठली आहे. आपण कौतुक करत होतो ते दुखण्याचं. पाय बळकट व्हावेत म्हणून तुझे भावोजी त्याला दर रविवारी कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत चढवत होते. डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं, तेव्हा ते जिन्यातच बसून रडले. आता औषध आहे, रोज पाय ताणून द्यायचे आहेत. त्याने चालणं आणखी काही वर्षं टिकवता येतं, आजार बरा होत नाही. साईराज विचारतो, मी परत कुस्तीत कधी उतरणार? मी त्याला आधी जेव म्हणते.

हे आईकडून मुलाकडे येतं. बाईत बहुतेक दिसत नाही, पोराला धरतं. घरात सगळे माझ्याकडे बघतात. आणि संजू, आपला भाऊ नवनाथ आठव. आंब्यावरून पडला म्हणून त्याचे पाय गेले, असं आई जन्मभर सांगत आली. पाय जात होते म्हणूनच तो पडला होता. तिला हे कसं सांगू?

तुझ्यातही असेल, नसेलही. ऋतिकच्या रक्ताची तपासणी करून घे. मी सोबत येईन.

तुझं वाईट चिंतत नाही, एवढं मनात असू दे.
तुझी ताई

खालापूर, ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी संतापले. स्वतःच्या पोराचं दुखणं माझ्या पोराच्या अंगावर टाकतेस, असंही मनात आलं. पत्र चुलीत घालायला निघाले होते. माफ कर.

आज ऋतिक ओटीवर मांडी घालून खेळत होता. मी गूळ दाखवून त्याला हाक मारली. तो आधी रांगल्यासारखा हातापायांवर आला. मग एक हात गुडघ्यावर, मग दुसरा, असा स्वतःच्याच पायांवर चढत उठला आणि हसत आला. तो असाच उठतो गं. आम्ही लाडाने त्याला आजोबा म्हणतो.

त्याला गूळ दिला. सासूबाई तीट घेऊन आल्या. मी त्याचा पाय पदराखाली ओढून घेतला. त्या विचारत राहिल्या, काय झालं गं?

ताई, कधी येऊ? तू सोबत चल, मला एकटीला ते ऐकवणार नाही.
तुझी,
संजू