भाजलेल्या कडुनिंबाचा झोपाळा

२० एप्रिल २०१८
दौलताबादला जाऊन आलो. बँकेतला जुना खातेदार मुंजाबा, त्याच्या बांधावर परवा डोंगरावरचा वणवा उतरला आणि कडुनिंब भाजला. खोड अजून कोमट. त्यावर काळ्या भुंग्यांची ही गर्दी. मुंजाबा म्हणाला, आग लागली की हे कुठून येत्यात काय म्हाईत. मी म्हटलं, अंत्यदर्शनाला, दुसरं काय? खोड घेतलं. झोपाळा करणार.

२२ एप्रिल
सौ. म्हणते, औरंगपुऱ्याच्या बाजारातून लोखंडी आणा. तिला लाकडातलं काय कळतं? कडुनिंब मुळात कडू, त्यात भाजलेला. कीड फिरकली तर मिशी उतरवीन, असं लेकीच्या, प्रांजलीच्या देखत सांगून टाकलं. कॉलेजपासूनची मिशी आहे, गंमत नाही.

१२ मे
झोपाळा टांगला. राजेशाही. प्रांजलीला बघायला येतील ते यावर बसतील आणि जागेवर हो म्हणतील.

१९ नोव्हेंबर
दुपारी आडवा झालो की कुरकुर ऐकू येते. सौ. म्हणाली, "अहो, फळीतून आवाज यायलाय." फळीतून नाही. शेजारच्या प्लॉटवर काकासाहेब बोअर घेताहेत. पाणी कुठंच लागत नाही, पण हौस. लांबचा आवाज पकडणं ही चांगल्या लाकडाची खूण.

३ डिसेंबर
झोपाळ्याखाली रोज पिवळा भुसा. शहर वाढतंय, शेजारी काकासाहेबांचं बांधकाम निघालंय, धूळ येणारच, पण नेमकी आमच्याच घरात? काकासाहेबांना खडसावून आलो. म्हणतात, सिमेंट करडं असतं. उद्धट माणूस. बोलणं बंद.

११ फेब्रुवारी २०१९
टँकर मिळेना म्हणून काकासाहेबांचं बांधकाम महिनाभर बंद. भुसा चालू. वारा असावा. उद्यापासून खिडकी लावणार.

१२ फेब्रुवारी
खिडकी लावली. भुसा आहे. खिडकीला फट असणार.

५ मे
विश्वजितचं स्थळ आलं. मुलगा कृषी खात्यात. प्रांजलीला तो फोटोतच आवडलाय, हे मला आज कळलं. त्याच्या वडिलांना मानानं झोपाळ्यावर बसवलं. कडुनिंबाचे गुण सांगत होतो, तेवढ्यात त्यांच्या मांडीशेजारी फळीतून एक काळा भुंगा बाहेर आला. मग दुसरा. तिसरा त्यांच्या बाहीत शिरला.
विश्वजितनं एक चिमटीत धरला. म्हणाला, "काका, जळकं लाकूड आहे का हे? हे भुंगे वणव्याच्या मागावरच असतात. जळालेल्या खोडात अंडी घालतात."
मी म्हणालो, शेजारी बांधकाम चालू आहे.
प्रांजली आत निघून गेली. तिचे डोळे भरलेले दिसले. जेवलो नाही.

७ मे
होकार आला! फक्त साखरपुडा त्यांच्याकडं करायचा, असा वडिलांचा आग्रह.
म्हणजे भुंगे अंत्यदर्शनाला नव्हे, बाळंतपणाला आले होते. असो. शब्द म्हणजे शब्द. मिशी उतरवली. सौ. म्हणाली, कुणी मागितली होती? तिचं हे नेहमीचंच.

१९ मे
साखरपुडा. नवा कोट घालून ऐटीत गेलो. व्याही दारातच उभे होते. हात जोडून म्हणाले, "या, या. मुलीकडचे ना? मुलीचे वडील कुठं दिसत नाहीत?"
मी म्हणालो, येताहेत मागून.