बेटावर देवक कोण नेणार

६ नोव्हें., गुरु.
ठरलं. लेकीचं लग्न अंदमानात. तेही पोर्ट ब्लेअर नाही, तिथून पुढं बोटीनं जायचं असं एक बेट. फेब्रुवारीत. दोन्हीकडची मिळून माणसं चाळीस. प्राजूनं जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. सौ. ला आधीच माहीत. कंपनीवाले दर कापून मग सप्लायरला कळवतात, तसं मला कळवण्यात आलं.

म्हटलं, चाळीस माणसं तर आपल्याकडं नुसती वरातीपुढं नाचतात. प्राजू : "म्हणूनच, पप्पा."

होणारा जावई सौरभ, त्याच्या घरचे खूश. वडील आकुर्डीत मास्तर होते. "अनावश्यक गर्दी टाळलेली बरी," म्हणाले. त्यांना काय, भावकी लांब साताऱ्याकडं. माझी भावकी मोशीच्या चौकात उभी असते.

प्राजूची अट एकच : "आप्पा पाहिजेत. बाकी कोणी नसलं तरी चालेल." आप्पा माझा थोरला भाऊ, त्याला सांगायचं काम अर्थात माझ्याकडं.

९ नोव्हें., रवि.
मोशी. आप्पा ओट्यावर. मी बेट म्हटलं. वहिनींनी आणलेला चहा त्यानं संपवला. मग : "पान्यात कशाला लगीन? आपली जमीन संपली का?" मागं आमच्याच जुन्या वावरात टॉवर उभे. हसावं की नाही कळेना.

"चाळीस म्हंजी? घरं?"
"घरं नाही आप्पा. माणसं."

बराच वेळ बिडी शोधत बसला. बिडी सोडून दोन वर्षं झाली त्याला. मग : "भावकीला काय सांगू मी? तू तळवड्याला गाळ्यात बसशील. मला रोज सकाळी ह्यांच्यात पारावर बसायचं हाय."

ह्यात खोटं काय? निघताना वहिनी हळूच : "भावजी, त्यांना इमानात बसायची भीती न्हाई. लोकांच्या तोंडाची हाय."

१४ नोव्हें., शुक्र.
बाणेरच्या रिया मॅडम आल्या. ह्या लग्न "स्टाइल" करणार. लॅपटॉपवर रंग दाखवले. मला सगळे पांढरेच दिसले. एकाचं नाव शेल, एकाचं आयव्हरी, एकाचं ओट. फेटे पिस्ता.
"पिस्ता?"
"हाँ अंकल, सी के साथ ब्लेंड होगा."
आप्पाच्या डोक्यावर पिस्ता फेटा डोळ्यांपुढं आणला आणि डोळे मिटून घेतले.

मग म्हणे "डिस्ट्रेस्ड वुड" पाहिजे. कमानीला, टेबलांना, पाट्यांना. म्हणजे काय? फोटो दाखवला. अहो, ते तर मी चाकणच्या कंपन्यांना करून देतो ते मालाखालचं लाकडी पॅलेट, परत आलेलं! फोर्कलिफ्टनं फोडलेलं, उन्हापावसात काळं पडलेलं. असला माल क्वालिटीवाल्याच्या नजरेला पडू नये म्हणून उभं आयुष्य धडपडलो, आणि आता त्याचीच कमान, पोटच्या मुलीच्या लग्नात. म्हटलं, मॅडम, माझ्या यार्डात ढीग पडलाय. येऊन बघितला. "अंकल, ये तो गोल्ड है." ते गोल्ड मी दर महिन्याला भंगारवाल्याला देतो.

देवकाचं सांगितलं. आमच्या कुळाचं देवक कळंब. घरातल्या थोरल्या जोडप्यानं, म्हणजे आप्पा-वहिनींनी, कुऱ्हाडीनं डहाळी तोडायची, वाजतगाजत आणायची, लग्नाआधी पुजायची. त्याशिवाय आमच्यात अक्षता पडत नाहीत. मॅडमनी मान हलवत लिहून घेतलं. डोकावलो. लिहिलं होतं : ग्रीन एलिमेंट.

२१ नोव्हें., शुक्र.
अक्कल चालवली आणि तोंडावर पडलो.

बेत असा : लग्न बेटावर, पण त्याआधी मोशीत लॉनवर भावकीला जेवण. तोंडं बंद, आप्पा मोकळा. कोणाला न सांगता लॉनवाल्याशी बोलून ठेवलं. लॉनवाल्याच्या पोटात काही राहत नाही. दुपारी चुलतभाऊ बंडूनं थेट प्राजूलाच फोन केला, "मटण हाय का शाकाहारी?"

प्राजू घरात आली ती चपला न काढता.
"पप्पा, तुम्ही आप्पांना आणताय की अख्ख्या गावाला?"
"जेवणच आहे नुसतं."
"आणि बेटावर काय मग? सहल?"

सौ. कांदा चिरत होती. पुटपुटली, "ह्यांना गुपचूप काही जमत नाही, आणि केल्याशिवाय राहवत नाही." वाटलं असेल मला ऐकू गेलं नाही. लॉन कॅन्सल. बंडूला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. फोन उचलत नाही त्याचा.

३ डिसें., बुध.
आप्पा स्वतः गाळ्यावर आला. कधी येत नाही. खुर्ची दिली तर नको म्हणाला, लाकडी क्रेटवर बसला. मार्ग काढून आणला होता.

"देवक हितंच बसवू. माझ्या दारात. कळंब हितला, देव हितला. तुमी जा इमानानं, लगीन लावा, माघारी या. देवकापाशी दिवा ठिवाय कुनीतरी पायजे. मी आन ही बसतो."

मी खोट शोधायला लागलो, सापडेना. देवक बसवून घराला कुलूप लावायचं नसतं, हे खरंच. भावकीला सांगायलाही ठीक : आप्पा मानाच्या कामाला थांबला. चाळिसात कोण आणि कोण नाही हा विषयच मिटला. सगळं रीतीला धरून, आणि आप्पा बेटावर येणार नाही तो नाहीच. माझा भाऊ सातवी पास आहे, पण चाकणच्या परचेस मॅनेजरांना बाजारात विकून येईल.

"प्राजूला काय सांगू?"
"देवकापाशी हाय म्हनून सांग."
उठताना क्रेटवर हात फिरवला. "चांगलं करतोस रं हे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. तेही आज म्हणायचं होतं.

प्राजूला सांगितलं. "ठीक आहे" म्हणाली आणि खोलीत गेली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

७ डिसें., रवि.
प्राजू एकटी मोशीला जाऊन आली. मला काही सांगितलं नाही. वहिनींनी फोनवर सांगितलं ते असं –

प्राजू : "शाळेत सोडायला यायचात ते गेटपर्यंत नाही, वर्गापर्यंत यायचात. आता अर्ध्या वाटेवर सोडताय."
आप्पा : "वर्गापत्तुर यायचो, कारन तू रडायचीस."
"आत्ताही रडेन."
"रड."
मग दोघं टीव्ही बघत बसले म्हणे. कुस्त्या.

मी आणि सौ. दिवसभर गाळ्यावर असायचो, तेव्हा ही पोर त्याच्या स्कूटरवर पुढं उभी राहून वाढली. मी मधे बोलणारा कोण?

निघताना प्राजूनं विचारलं, मांडव तिथं देवक, मग देवक बेटावरच बसवलं तर? आप्पा म्हणाला, "तिथं कळंब हाय का?" प्राजू म्हणाली, शोधते.

१२ डिसें., शुक्र.
कळंब शोधमोहीम. रिया मॅडम रिसॉर्टवाल्याला विचारतात, तो फोटो पाठवतो. पहिला फोटो, सौ. म्हणाली, हा बदाम. दुसरा साग. तिसरं झाडच नव्हतं, विजेच्या खांबावर चढलेला वेल होता. मॅडम : "अंकल, कोई भी लीफ चलेगा ना? दूर से सेम दिखता है." मी फोन सौ. कडं दिला. मॅडमनी लवकर ठेवला.

इथूनच डहाळी न्यावी तर ती मांडवाच्या दिवशी थोरल्यानं तोडायची, महिनाभर आधी नाही. आणि बोटीनं धाडावी तर? आमच्या लाकडाला कीड नको म्हणून भट्टीत तापवून शिक्का मारतात. देवक भट्टीत घालू?

चौथा फोटो सौ. ला कळंबासारखा वाटला, तो वहिनींच्या मोबाइलवर पाठवला. त्यांचा निरोप : "मोठा करून करून बघत्यात."

१९ डिसें., शुक्र.
तळवडे चौकात तासभर अडकलो, गाळ्यावर पोचलो तर मॅडम हजर. डेकोरेशनचा सगळा माल माझ्या क्रेटमधून चेन्नईला आणि तिथून जहाजानं जाणार. समया, परात, कापडं, फोडून नीट केलेली पॅलेटं. आणि एक खोका शिंपले. बेटावर शिंपले पाठवायचे! "अंकल, वहाँ के शेल्स उठाना मना है." बरं. इतकी वर्षं एक्सपोर्ट पॅकिंग करतोय, समुद्राला शिंपले पहिल्यांदाच पाठवतोय.

पिस्ता फेट्यांच्या तळाशी आप्पासाठी एक गुलाबी फेटा सारून ठेवला. पिंपरीतून आणला. मॅडमना सांगितलेलं नाही.

आप्पाचं फोटोतलं झाड अजून बघूनच चाललंय. प्राजूनं त्याची आणि वहिनींची तिकिटं काढूनही ठेवलीत. त्याला माहीत नाही. गुपचूप कारभार करायची खोड पोरीनं कोणाची घेतली ते सौ. नं बोलून दाखवलं.

२२ डिसें., सोम.
उद्या सकाळी ट्रक. आज क्रेट बंद करायचा. खिळे मारायची नेलगन हातात घेतली आणि फोन वाजला. आप्पा.

"इमानात कुऱ्हाड नेऊ देत्यात का रं?"

मी गन खाली ठेवली. "नाही देत."
"मग?"
"क्रेटमधून जाईल. जहाजानं."
"दांडा लांब हाय."
"बसवतो."
"मग धाडतो."
"आप्पा, नुसती कुऱ्हाडच येणार, का –"
ठेवला त्यानं.

संध्याकाळच्या आत ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर कुऱ्हाड आली. गोणपाटात गुंडाळून, वर सुतळी. वहिनींना तीनदा फोन केला, उचलत नाहीत. आप्पानं उचलू दिला नसेल.

सौ. म्हणते, कुऱ्हाड म्हणजे होकार. प्राजू म्हणते, यायला जमत नाही तेव्हाच माणसं आहेर आधी पाठवून देतात. मला दोघींचंही पटतं, हीच पंचाईत.

शिंपल्यांचा खोका बाहेर काढला, मॅडमना उद्या तोंड देईन. त्या जागी आडव्या पट्ट्या ठोकून खाच केली, फोम लावला, कुऱ्हाड बसवली. हलत नाही. वर गुलाबी फेटा.

पात्यावर बोट फिरवून बघितलं. ताजी धार आहे, आजचीच. ज्याला यायचं नाही तो धार कशाला लावत बसेल?

पण आप्पा आहे तो. शेजाऱ्याला उसनी द्यायची झाली तरी धार लावूनच देतो.